एका फोटोत मावणारी एरर

नव्या मुलांच्या लॅपटॉपवर बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याचं काम, फेल झाला की मुलं एरर कॉपी करून पाठवत नाहीत. मोबाइल काढतात, स्क्रीनचा फोटो घेतात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात. फोटो तिरका, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक, आणि मधे टर्मिनलच्या, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीच्या, शेवटच्या वीसेक ओळी. खाली मजकूर ठरलेला: 'सर, हे आलंय.' त्या ओळींत खरी एरर बहुतेक वेळा नसतेच. ती केव्हाच वर सरकून गेलेली असते. मग मी म्हणणार 'वरचं दाखव', तिकडून दुसरा फोटो, मग आणखी एक, आणि बऱ्याच वेळाने उलगडा होणार की एक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल करायची राहिली होती.

'फोटो नको, टेक्स्ट पाठवा' असं सांगून भागत नाही. टर्मिनलमधलं नेमकं किती सिलेक्ट करायचं हे कळायला एरर कुठे सुरू होते ते आधी कळावं लागतं, आणि घोडं तर तिथंच पेंड खातं. त्यापेक्षा बिल्ड चालवणाऱ्या टूललाच वळण लावावं, असं ठरवलं.

आमचं ऑफिस छोटं, सोलापुरात होटगी रोडला. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो: ऑर्डर, सुताचा स्टॉक, बिलं, आणि जेकार्डसाठीच्या (मागावर नक्षी विणण्याच्या यंत्रासाठीच्या) डिझाइन फाइल तपासणारा एक डेस्कटॉप प्रोग्राम. हा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे, क्यूट (खिडक्या-बटणांसाठीची लायब्ररी) वापरून. बिल्डसाठी सीमेक आणि निंजा: सीमेक लागणाऱ्या गोष्टी तपासून कामांची यादी बनवतो, निंजा ती कामं कंपायलरकडून (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडून) करून घेतो. आणि या दोघांना हाकणारी आमची स्वतःची एक पायथन स्क्रिप्ट. इथल्याच कॉलेजांतून डिप्लोमा आणि डिग्रीची मुलं ट्रेनी म्हणून येतात. बऱ्याच जणांची घरं शहराच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, कॉलेजात इंग्रजी. कोड वाचायला ती लवकर शिकतात. त्यांचे सुरुवातीचे दिवस खातो तो बिल्ड.

पहिलं काम म्हणजे नुसतं बघणं. मुलं बिल्ड चालवत असताना मागे खुर्ची टाकून बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. समोरचा भलत्याच ओळीवर बोट ठेवून बसलाय, उत्तर आपल्याला दिसतंय, तरी बोलायचं नाही म्हणजे जीव वरखाली होतो. पण जे कळलं ते असं बसल्यामुळेच.

सीमेक सुरुवातीला आपली तपासणी करतो तेव्हा दोन डॅशने सुरू होणाऱ्या ओळी भराभर पडतात. त्यात एक जुनी ओळखीची ओळ असते: 'लुकिंग फॉर पीथ्रेड_क्रिएट इन पीथ्रेड्स – नॉट फाउंड'. एक मुलगी तिथेच थांबली. तिने ती ओळ नेटवर शोधली, कुठलासा व्हिडिओ लावला आणि पीथ्रेड इन्स्टॉल करायला लागली. वास्तविक सीमेक तिथे निरनिराळ्या नावांनी एकच गोष्ट शोधत असतो. एका नावाने नाही मिळाली तर दुसऱ्या नावाने बघतो, आणि पुढच्याच ओळीत ती मिळालेली असते. तिचा बिल्ड खरोखर थांबला होता तो कितीतरी ओळी खाली, क्यूट सापडत नव्हतं म्हणून. पण 'नॉट फाउंड' हे शब्द दोन्हीकडे सारखेच. जाणत्या माणसाची नजर पहिल्यावरून घसरून दुसऱ्यावर थांबते. नव्या माणसाने कुठे थांबायचं?

आणि क्यूट न सापडल्याचा तो संदेश तर पाठ करून ठेवावा असा आहे. सीमेक म्हणतो की तुम्ही 'फाइंड-क्यूट' नावाची मोड्यूल फाइल दिली नाहीत, त्याअर्थी या प्रोजेक्टने क्यूटकडून येणारी कॉन्फिग फाइल मागितली आहे, पण ती सीमेकला मिळाली नाही. वाक्य अक्षरन् अक्षर खरं आहे. वाचणारा मात्र पहिल्याच तुकड्याला अडकतो आणि ती 'फाइंड' फाइल कुठून आणायची म्हणून हिंडतो. सांगायचं असतं एवढंच, की क्यूट एकतर इन्स्टॉल नाही किंवा ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे सीमेकला माहीत नाही.

निंजाची तऱ्हा वेगळी. चांगलं चालू असताना तो अगदी मितभाषी. एकच ओळ, कंसात आकडा, 37 भागिले 212 असा (212 पैकी 37 कामं झाली), आणि तीच ओळ बदलत राहते. हे मला फार आवडतं. पण फेल झाला की 'फेल्ड' लिहून आधी फाइलचं नाव, मग कंपायलरला दिलेली अख्खी कमांड, आणि त्यानंतर कंपायलरची एरर. आमच्या प्रोजेक्टात ती कमांड इतकी लांब आहे की लहान लॅपटॉपवर स्क्रीनचा मोठा भाग तीच खाते. शिवाय निंजा एका वेळी बरीच कामं चालवतो. एक फाइल पडली तरी आधीच सुरू झालेल्या बाकीच्या पूर्ण होऊ देतो, आणि त्यांच्या वॉर्निंगा खाली येऊन पडतात. सगळ्यात शेवटी, फोटोत हमखास येणारी ओळ: 'बिल्ड स्टॉप्ड: सबकमांड फेल्ड'. म्हणजे काम थांबलं कारण काम थांबलं.

एक जुनी लायब्ररी आम्ही अजून मेक या जुन्या टूलने बिल्ड करतो. मेक 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला आणि आजही तो जगभर चालतो, तेव्हा त्याला नावं ठेवताना जरा अदब राखतो. पण नव्या माणसाला तो पुरता चकवतो. आतल्या फोल्डरमधला मेक कंपायलर पडल्याचं 'एरर 1' म्हणून सांगतो. मग तो स्वतः 2 हा कोड देऊन बाहेर पडतो, म्हणून वरच्या फोल्डरचा मेक 'एरर 2' छापतो. मला एका मुलाने आनंदाने सांगितलं होतं, 'सर, एरर वन मिटली वाटतं, आता एरर टू आलीय.' त्याची समजूत चुकीची म्हणवत नाही. आकडे वाढताना दिसले तर माणूस दुसरा काय अर्थ लावणार?

टॅबचा प्रकार तर मेक वापरणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकला कामं लिहून द्यायच्या फाइलमध्ये, कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाहीत. दिल्या तर 'मिसिंग सेपरेटर'. ग्नू मेक (मेकची सर्रास वापरली जाणारी आवृत्ती) यावर सूचनाही देतो, की आठ स्पेसऐवजी टॅब द्यायचा होता का? पण ओळीच्या सुरुवातीला आठ स्पेस असतील तरच. आमच्या मुलांच्या एडिटरमध्ये टॅबचं बटण दाबलं की चार स्पेस पडतात. त्यामुळे ज्याला सूचनेची खरी गरज तोच नेमका तिला मुकतो.

आणखी दोन गोष्टी या बसण्यातूनच कळल्या. शेवटच्या टप्प्याला, लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवताना, निंजा बराच वेळ गप्प असतो. जुन्या लॅपटॉपवर तर फारच. मुलांना वाटायचं टूल हँग झालं, ती चालू काम तोडणारं कंट्रोल-सी दाबून मोकळी व्हायची आणि परत पहिल्यापासून चालवायची. दुसरी गोष्ट यशाची. बिल्ड नीट पार पडला की निंजा काहीच बोलत नाही. शेवटची 'लिंकिंग' ओळ तशीच राहते. दुसऱ्यांदा चालवला तर 'नो वर्क टू डू'. शेजारी बसलेल्या दोघांचं बोलणं ऐकलं: 'काय बे, झालं का तुझं?' 'कळंना की. काम नाही म्हणायलंय.'

मग मी स्वतःसाठी एक नियम केला: शेवटी जे छापलं जाईल ते मोबाइलच्या एका फोटोत मावलं पाहिजे, आणि तेवढ्या फोटोवरून मला घरी बसून उत्तर देता आलं पाहिजे. तपासायची पद्धतही तीच. मुद्दाम काहीतरी बिघडवायचं, बिल्ड चालवायचा, आपल्याच मोबाइलने फोटो काढायचा आणि ज्याला यातलं काही माहीत नाही त्या सहकाऱ्याला पाठवायचा. त्याने उलट प्रश्न विचारला तर ते आउटपुट नापास.

या एका नियमाने बरेच निर्णय आपोआप झाले. कमांडची लांब ओळ पडद्यावरून गेली. सगळं मूळ आउटपुट, एक अक्षर न गाळता, लॉग फाइलमध्ये लिहायला लागलो आणि पडद्यावर शेवटी एक छोटा ठोकळा आणला. त्यात आधी एक ओळ, बिल्ड कुठल्या पायरीला थांबला: तयारीत, कंपाइल करताना की लिंक करताना. मग पहिली एरर, कंपायलरने दिली तशीच, फाइल आणि ओळ क्रमांकासह. त्याखाली, 'अशा आणखी इतक्या आहेत' एवढाच आकडा. मग असला तर एक इशारा. आणि शेवटी लॉग कुठे आहे ते.

पहिलीच एरर का, यावर ऑफिसात वाद झाला. सी प्लस प्लसमध्ये हेडर फाइलला एक महिरपी कंस कमी पडला तर ते हेडर वापरणारी प्रत्येक फाइल बोंब मारते, आणि एकाच फाइलमधून पानंच्या पानं एरर येतात. त्यातली पहिली सोडली तर बाकीच्या बहुतेक तिचीच पिलावळ. नवा माणूस खालून वर वाचतो, म्हणजे पिलांपासून सुरुवात करतो. आमच्या कंपायलरला, जीसीसीला, पहिल्या एररनंतर थांबायला सांगता येतं, तसा फ्लॅग (कमांडसोबत द्यायचा पर्याय) आहे, पण तो सरसकट लावला तर जाणत्यांची गैरसोय होते. त्यांना एका दमात चार चुका दुरुस्त करायच्या असतात. म्हणून कंपायलरला हात लावला नाही. दाखवायचं किती, एवढंच बदललं.

आमच्यातले सगळ्यात जुने डेव्हलपर, ज्यांना अख्खं ऑफिस अण्णा म्हणतं, यावर नाराज होते. 'माझ्यापासून काय लपवायलाय? मला कमांड दिसली पाहिजे.' बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यासाठी व्हर्बोजचा फ्लॅग ठेवला. तो दिला की जुनं आउटपुट जसंच्या तसं. अण्णांनी तो त्याच दिवशी आपल्या शेलमध्ये कायमचा बसवून टाकला. मला हे चालतं. ज्याला फ्लॅग माहीत आहे त्याने तो द्यावा. काहीच माहीत नसलेल्याला न मागता जे मिळतं ते त्याच्या उपयोगाचं हवं. अनेक टूलमध्ये नेमकं उलटं असतं. पडल्यावर ती सांगतात की अजून माहिती हवी तर अमुक फ्लॅग देऊन परत चालवा. आधीच जास्त झालेल्या माहितीत आणखी भर.

एरर नीट सांगता येते हे आता काही नवीन राहिलेलं नाही. चुकीच्या जागेखाली बाणासारखी खूण दाखवणं क्लँग या दुसऱ्या कंपायलरने आधी केलं, जीसीसीने ते 2013 साली 4.8 आवृत्तीत आणलं. 2015 च्या सुमारास एल्म या भाषेच्या कंपायलरने समोर बसून बोलल्यासारख्या एरर द्यायला सुरुवात केली, आणि 2016 मध्ये रस्ट या भाषेने आपल्या एररचं रूप बदललं. कंपायलर सुधारले. पण त्यांना हाकणारी बिल्ड टूल त्यांची नीट लिहिलेली एरर चार कमांडी आणि दोन फोल्डरच्या नावांखाली गाडून टाकतात.

इशाऱ्यांचं काम मला सर्वांत जास्त आवडलं. ठरावीक एरर ओळखून तिच्याखाली एक ओळ छापायची, बहुधा काय झालंय आणि काय करून बघावं. क्यूटचा इशारा अर्थातच पहिला. मग रॅमचा. चार जीबीच्या लॅपटॉपवर निंजा प्रोसेसरच्या कोअरइतकी, किंबहुना थोडी जास्तच कामं एकदम लावतो, मेमरी संपते आणि लिनक्स कंपायलरलाच मारतो. समोर येतं: 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम'. मुलांना वाटतं आपल्या कोडमध्ये काहीतरी भयंकर आहे. इशारा एवढाच: कोडची चूक नसावी, मेमरी कमी पडली असावी, एका वेळी दोनच कामं लावून चालवा, आणि पुढे ती कमांड.

लाइट जाण्याचाही एक आहे. डेस्कटॉपवर बिल्ड चालू असताना लाइट गेली तर अर्धवट लिहिलेल्या ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन आलेले तुकडे) मागे राहतात, आणि परत आल्यावर लिंकर म्हणतो, 'फाइल ट्रंकेटेड'. कोणती फाइल ते त्याच ओळीत असतं. ती उडवून परत चालवलं की झालं. उन्हाळ्यात हा इशारा वरचेवर दिसतो.

पण ज्याने खरा घाम काढला ती भानगड घड्याळाची. एका मुलाच्या लॅपटॉपवर निंजा एकही फाइल कंपाइल न करता बराच वेळ घुटमळायचा आणि मग सांगायचा, 'मॅनिफेस्ट स्टिल डर्टी आफ्टर 100 ट्राइज', म्हणजे शंभरदा करून पाहिलं तरी बिल्डची यादी जुनीच राहते. दुपारी चालायचं, सकाळी नाही. त्याच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर होते. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितो. लिनक्स तीच वेळ जागतिक वेळ समजून वाचतो आणि तिच्यात भारताचे साडेपाच तास मिळवतो. सकाळी मुलगा नेटशिवाय बसायचा, तेव्हा लिनक्सचं घड्याळ साडेपाच तास पुढे. त्या वेळात त्याने सीमेकची फाइल बदलून सेव्ह केली की तिच्यावर दुपारची वेळ पडायची. मग मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला की घड्याळ नेटवरून दुरुस्त व्हायचं, आणि ती फाइल भविष्यातली ठरायची. निंजा बघायचा, सीमेकची फाइल यादीपेक्षा नवी आहे, यादी परत बनवा. बनवली. तरीही सीमेकची फाइल नवीच. परत बनवा. दुपारी ती वेळ खरोखर येऊन गेली की सगळं सुरळीत.

मेक अशा वेळी थोडं स्पष्ट बोलतो: अमुक फाइलची वेळ इतके सेकंद भविष्यात आहे. तो आकडा 19800 च्या आसपास दिसला तर समजावं, साडेपाच तासांचे तेवढेच सेकंद होतात. आमची स्क्रिप्ट आता सुरुवातीलाच फाइलींच्या वेळा पाहते, आणि एखादी पुढची सापडली तर निंजाला हात लावण्याआधी तिचं नाव सांगून थांबते. फाइलला एकदा टच करायचं, म्हणजे तिच्यावर आत्ताची वेळ घालायची, घड्याळाची सेटिंग बदलायची, विषय संपला. तो मुलगा मात्र त्याआधी दोनदा लिनक्स नव्याने टाकून बसला होता.

इशारे लिहिताना मोह होतो, प्रत्येक एररला एक लिहावा. तो आवरला. चुकीचा इशारा काहीच नसण्यापेक्षा वाईट, कारण नवा माणूस त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि आड रस्त्याला लागतो. म्हणून जिथे कारण जवळपास एकच असतं तिथेच इशारा, आणि तिथेही 'बहुधा' हा शब्द. मूळ एरर इशाऱ्याच्या वर, न बदलता. ती नेटवर शोधता यायला हवी. उद्या ही मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेली तर तिथे आमची स्क्रिप्ट नसणार, मूळ एररच असणार.

मग इशारे मराठीत का नाहीत, असं ऑफिसात विचारलं गेलं. करून पाहिलं. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी, एका चौकटीत एक अक्षर. देवनागरी त्या जाळीत नीट बसत नाही. विंडोजच्या जुन्या कन्सोलवर वेलांटी अक्षर सोडून भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडलेले. 'लायब्ररी इन्स्टॉल' हे शब्द तर ओळखूच येईनात. लिनक्सच्या काही टर्मिनलांत बरं दिसतं, पण ओळी हलतात, कर्सर चुकतो. शेवटी तोडगा असा काढला: टर्मिनलमध्ये साध्या इंग्रजीत एक ओळ आणि इशाऱ्याचा क्रमांक; स्क्रिप्टला 'समजाव' म्हणून तो क्रमांक दिला की ब्राउझरमध्ये मराठी पान उघडतं, उदाहरणासकट. कल्पना रस्टची, तिथे एररचा कोड देऊन सविस्तर खुलासा वाचता येतो. ही पानं मी एकट्याने लिहिली नाहीत. ज्याच्यावर एरर येऊन गेली त्यानेच तिचं पान लिहायचं, असा रिवाज पडला. त्यामुळे भाषा थेट आहे. घड्याळाच्या पानाची पहिली ओळ: 'आधी लिनक्स परत टाकू नका.'

वॉर्निंगांचं काय करावं, हे बरेच दिवस सुचत नव्हतं. बाहेरच्या एका लायब्ररीच्या हेडरमधून ढीगभर वॉर्निंगा यायच्या आणि त्यात आमच्या कोडची एखादी बुडून जायची. यावर बोलताना एक मुलगी म्हणाली, तिचे वडील यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे) आहेत: 'सर, मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. जुन्या मागावर उभा तुटला तर थांबत नाही. कापड विणत राहतं आणि त्यात लांबच लांब रेघ पडते. ती कोणाला तरी दिसेपर्यंत माल खराब.' एरर म्हणजे आडवा धागा, वॉर्निंग म्हणजे उभा. त्यानंतर निर्णय सोपा झाला. बाहेरच्या लायब्ररीचे हेडर सीमेकमध्ये 'सिस्टीम' म्हणून नोंदवले. मग जीसीसी त्यांच्या वॉर्निंगा बोलून दाखवत नाही. आमच्या कोडच्या तेवढ्या राहिल्या, आणि त्या बिल्ड पास झाला तरी शेवटी, यशाच्या ओळीच्या अगदी वर, छापल्या जातात. रेघ दिसली पाहिजे.

यशाची ओळही आता आहे, तीही साध्या इंग्रजीत. अर्थ असा: 'बिल्ड झाला', प्रोग्राम अमुक ठिकाणी तयार आहे, चालवण्यासाठी ही कमांड. काही बदललं नसेल तर 'आधीचाच बिल्ड ताजा आहे' आणि तीच कमांड. लिंक करताना शांतता लांबली की काही सेकंदांनी 'लिंक चालू आहे, थांबा' आणि गेलेला वेळ. एवढ्याशा ओळीने कंट्रोल-सी दाबणं जवळजवळ थांबलं. प्रत्यक्ष वेळ तर एका सेकंदानेही कमी झालेला नाही.

रंगांची बाब थोडक्यात. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारा एकजण आमच्यातच आहे, तेव्हा जे रंगात आहे ते शब्दातही हवंच. आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर रंगाचे कोड कचऱ्यासारखे उमटतात, म्हणून समोर टर्मिनल आहे का ते आधी तपासायचं. 'नो कलर' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्रामांना दिसणारी सेटिंग) कोणी लावला असेल तर मुकाट मानायचा. उलट बाजूने, निंजा मधे असतो म्हणून जीसीसीला वाटतं समोर टर्मिनल नाही आणि तो स्वतःचे रंग बंद करतो. त्याला ते चालू ठेवायला वेगळं सांगावं लागतं. सीमेक 3.24 पासून त्यासाठी एक व्हेरिएबल आहे. आणि एक पथ्य: वर काहीही सजवा, निंजाने दिलेला एक्झिट कोड (काम जमलं की फसलं हे सांगणारा आकडा) जसाच्या तसा पुढे गेला पाहिजे. सर्व्हरवरचा बिल्ड आपला ठोकळा वाचत नाही, तो फक्त तो आकडा बघतो.

ठोकळ्याची मांडणीही हवी तशी करता आली नाही. फाइलचं नाव एका ओळीत, ओळ क्रमांक दुसरीकडे, असं मला सुबक वाटत होतं. पण एडिटरच्या टर्मिनलमध्ये फाइल, कोलन, ओळ, कोलन, कॉलम हा साचा दिसला तरच क्लिक करून त्या जागी जाता येतं. मुलांना ते क्लिक फार प्रिय. माझी सुबकता गेली, कोलन राहिले.

फोटो अजून येतात. आता मात्र बहुतेकांत ठोकळा पूर्ण असतो, आणि उत्तर बऱ्याचदा माझ्याआधी दुसराच कोणी ट्रेनी देतो: 'सात नंबर आहे बे, पान वाच.' राहिलंय ते टेस्टचं आउटपुट. तिथे पास झालेल्या शेकडो टेस्टची नावं ओळीने पडतात आणि नापास झालेली एक मधेच कुठेतरी असते. अण्णांचं म्हणणं, तिथे तरी काही लपवू नकोस. पुढच्या आठवड्यात बसून ठरवायचंय.